गरिबाघरचा फ्रिज

भाई,

सलाम लिहायला हवा, पण आज हात वळत नाही.

काल मशिदीच्या, गरिबांना दान वाटणाऱ्या जकात समितीची माणसं घेऊन माझ्या खोलीवर आलास. नवरा अंथरुणाला खिळलाय, माझ्या शिलाईवर दोन वेळचं भागत नाही, म्हणून मी अर्ज केला होता. तू उंबऱ्यावरूनच बोट दाखवलंस आणि तोंड वर करून म्हणालास, "घरात फ्रिज आहे. हिला गरीब कसं म्हणायचं?"

अरे, तो फ्रिज तुझाच ना! नवा घेतलास तेव्हा "भंगारवालाही नको म्हणतो, तू ने" म्हणत तूच माझ्या गळ्यात मारलास. तो एक दिवसही गार झाला नाही. उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून गिऱ्हाइकांचे कपडे मी त्यात ठेवते. नुसतं दार उघडलं असतंस, तर ब्लाउज अंगावर पडले असते.

तरी मी गप्प बसले, चारचौघांत भावाची अब्रू जाईल म्हणून. माझी गेली, ती कुणाच्या बहिणीची होती?

हे पत्र पाठवणार नाही. अम्मी तुझ्याकडे राहते, राग तिच्यावर काढशील. फ्रिजमध्येच ठेवते. तिथे तू कधी बघणार नाहीस.

तुझ्या हिशेबी सुखवस्तू,
तुझी धाकटी बहीण