ताईसारखी दिसणारी बाई

१२ फेब्रुवारी

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या शाळेतल्या मुलांच्या परीक्षा आटोपल्या, बरं झालं. इकडे मधल्याला अखेर डॉक्टरांकडे नेलं. लिफ्ट मध्येच बंद पाडली म्हणून कंपनीनं त्याला घरी बसवलंय, हे कळवलंच होतं. आत माणसं अडकून ओरडत होती आणि हा वर मोटरच्या खोलीत शांत बसलेला. लिफ्टच्या दोरातून कुणीतरी आपलं बोलणं ऐकतं, म्हणून थांबवली, असं त्यानं डॉक्टरांना सांगितलं.

हे कधीपासून, असं त्यांनी मला विचारलं. मी आठवत गेले. आधी मित्र सुटले, मग आंघोळ. मग रेडिओवरच्या बातम्या आपल्याबद्दलच आहेत म्हणू लागला. शेजारी पाण्यात काहीतरी कालवतात म्हणून नळाला फडकं बांधलं. मधे काही दिवस खुशीत होता; शहरातल्या सगळ्या लिफ्ट आपल्या मनाच्या इशाऱ्यावर चालतात म्हणायचा. डॉक्टर म्हणाले, हे सगळे भ्रमच, फक्त तऱ्हा वेगळ्या. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. पटवून देऊन भ्रम जात नाही, तेव्हा वाद घालू नका.

मी मान डोलावली. येताना भाजी घेतली. घरी आल्यावर तो म्हणाला, तुम्ही ताई नाही. दिसता तिच्यासारख्या, पण तिला कुठे ठेवलंय ते सांगा.

मी स्वयंपाक केला. तो जेवला नाही, डॉक्टरांची गोळीही घेतली नाही.

माया आहे तशीच राहू दे.
ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझ्यासारखी दुसरी बाई असणं शक्यच नाही, इतकं रागावणारी एकच पुरे, असं मधल्याला सांग. हसू आलं नाही ना? लिहिताना मलाही आलं नाही.

त्याचं पत्र आलंय. पाकिटावर नाव तुझं, पत्ता माझा. मी फोडलं, ओरडू नकोस. सोबत पाठवतोय. मला एक सुचतं. तू इथून लिहिल्यासारखं उत्तर मी टाकतो, गोळ्या घे म्हणून. तुझं अक्षर मला हुबेहूब जमतं. शाळेत असताना तुझ्या सह्या मीच तर ठोकायचो.

सुट्टी लागली की निघतो. आमच्यावर जीव लावतेस, त्यातला थोडा स्वतःवर लाव.
तुझा छोटू


(सोबतचं पत्र)

प्रिय ताई,

तुला छोटूकडे नेऊन ठेवलंय हे मला कळलं. घाबरू नकोस. इथे तुझ्या जागी एक बाई आणलीय. नाक, तीळ, खोकणं, सगळं जागच्या जागी बसवलंय. पण मी मेकॅनिक आहे, बदललेला पार्ट मला कळतो.

ती वाईट नाही. माझी चादर बदलते. मी ओरडलो की गप्प उभी राहते. तिलाही कुणीतरी भाग पाडलं असणार, बिचारी. तिच्या जेवणाला तुझ्या हातची चव आहे, म्हणूनच खाववत नाही. तू आलीस की तिला जाऊ देऊ, पोलिसांत द्यायचं नाही.

भिंतीतले आवाज हे वाचून दाखवतायत, म्हणून थांबतो. लवकर ये.
तुझाच, मधला


९ मार्च

चि. छोटूस,
आशीर्वाद.

मधल्याचं पत्र वाचलं. रडू येईल असं वाटलं होतं, नाही आलं. दूध उतू जात होतं, ते उतरवलं.

खोटं उत्तर टाकू नकोस. भ्रमाशी भांडू नका, पण त्याला होही म्हणू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि तसं पत्र आलं तर तो दाराशी ताईची वाट बघत बसेल आणि आत मी असेन.

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. म्हटलं, मी ताईच आहे, तुला पटत नाही तर राहू दे. पण तू घाबरलायस हे मला दिसतंय. या गोळीनं भीती कमी होईल. त्यानं ग्लास उचलून उजेडात धरला. मग म्हणाला, बाई, आधी या ग्लासातलं पाणी तुम्ही प्या. मी प्यायले. उरलेल्या पाण्याबरोबर त्यानं गोळी घेतली. तेव्हापासून रोज असंच चाललंय. आवाज आता लांबून येतात म्हणतो. काल पोटभर जेवला आणि ताट माझ्याकडे देत म्हणाला, बाई, तुमचे फार उपकार आहेत. डॉक्टर म्हणतात, ओळख पटेल, पण कधी ते सांगता येणार नाही.

त्याला एकटं सोडवत नाही, म्हणून तुला घ्यायला स्टेशनवर येणार नाही. आलास की दारातूनच मला मोठ्यानं हाक मार. या घरात ताई म्हणून मला कुणी हाक मारलेली नाही, बरेच दिवस झाले.

तुझी
ताई