वहीची मागची सोळा पानं

बाई, आधी मी या हातांनी काय काय केलं ते सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला मध्येच थांबवता येणार नाही. सागवानी पेटीत बसवलेला पहिला रेडिओ. शाळेच्या छपरावरचा अकरा नळ्यांचा अँटेना, त्यातली एकही नळी दुसरीहून सुताभरसुद्धा चुकीची नव्हती. तुमच्या वर्गाबाहेरची विजेची घंटा. पोलादपूरपासून महाडपर्यंतच्या पिठाच्या गिरण्यांच्या मोटारींचं वाइंडिंग, किती ते आता मोजत नाही. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला एका वाडीत ओढ्यावर बसवलेलं चक्र, त्यावर पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत चार दिवे लागायचे. आणि एक वही. दोन शंभरपानी वह्या एकत्र शिवून, खळीत मोरचूद घालून, खाकी कापडाच्या पुठ्ठ्यात बांधलेली. तिला अजून कसर लागलेली नाही. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही, दहावी नापास माणसाला कोण शिकवत बसतो? वहीचं निम्मं श्रेय मात्र तुमचं. आणि त्या वहीबद्दलच मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी ती तशीच राहिली आहे.

तेव्हा आपल्याकडे टीव्ही मोजके, आणि चहूबाजूंनी डोंगर, त्यामुळे पडद्यावर माणसांपेक्षा मुंग्या जास्त. शाळेच्या टीव्हीवर चेहरे दिसायला लागले ते माझ्या अँटेनामुळे, हे तुम्हीच गॅदरिंगला माइकवरून सांगितलं होतंत. (माइकही मीच दुरुस्त केला होता.) रविवारी सकाळी ती अवकाशयानाची हिंदी मालिका लागायची आणि अर्धं गाव शाळेत. तेराव्या भागाला ती संपली. यान पुढे निघून गेलं, यंत्रं सांभाळणारी ती मागच्या तळावर राहिली, आणि कप्तानाने काचेतून तिच्याकडे एकदा पाहिलं. संपलं. तेरा भागांत ती दोघं कामापलीकडे एक शब्द बोलली नव्हती, पण ते पाहणं माझ्या डोक्यातून जाईना. सोमवारी मी घंटेची वायर बदलायला आलो तो कुरकुरतच. तुम्ही खडू झटकत म्हणालात, "कुरकुरण्यापेक्षा पुढचं तू लिही." मी म्हणालो, "दुसऱ्याची माणसं आहेत ती, बाई." तर म्हणालात, "दुसऱ्याचं मूल आपण मांडीवर घेतोच ना? पाडू नकोस म्हणजे झालं."

मी एकोणीस वर्षांचा होतो. पाच महिने लिहीत होतो. आता भाची सांगते, मामा, याला फॅन फिक्शन म्हणतात, जगभर लिहितात. तेव्हा या नावाचं काही असतं हे ना मला ठाऊक होतं, ना तुम्हाला. मला एवढंच ठाऊक होतं, की तो दूर गेलाय, ती वाट पाहतेय, आणि तिचा निरोप त्याला पोचायला चार महिने लागतात. प्रकाशाच्या वेगाने एकशेवीस दिवस, म्हणजे तीन लाख अकरा हजार चाळीस कोटी किलोमीटर. हा गुणाकार मी तीनदा तपासला होता आणि पहिल्याच पानावर लिहिला होता. वाचणारे या आकड्यावर खूश होतील असं मला वाटत होतं.

तुमचा नियम होता, शाळेच्या कपाटातलं पुस्तक परत करताना मागच्या पानावर निदान एक ओळ लिहायची. 'छान आहे' लिहून कुणी सुटत नसे. तुम्ही पुस्तक पुन्हा त्याच्या हातात द्यायचात, "छान तर चहाही असतो. काय छान आहे ते लिहा." माझ्या वहीला तुम्ही स्वतः सुई-दोरा घेऊन मागे सोळा कोरी पानं शिवलीत. मला हसू आलं होतं. हाताने लिहिलेली एकुलती एक प्रत, वाचणार कोण? पण वही गेली. येत्याजात्या माणसाबरोबर लोणच्याची बरणी जाते, तांदूळ जातात, तशी ती मुंबईला गेली आणि गणपतीला परत आली तेव्हा सहा पानं भरली होती. आकड्याबद्दल कुणी चकार शब्द लिहिला नव्हता. एका खोलीत राहणाऱ्या अठराजणांनी लिहिलं होतं, 'एकाने मोठ्याने वाचली, बाकीच्यांनी ऐकली. तिचा निरोप आला तेव्हा स्टोव्हवरचा भात लागला.' एका कंडक्टरने विचारलं होतं, 'यानाला रिव्हर्स गिअर का नाही? आंबेनळीत घातलंत तर पहिल्याच वळणाला दरीत जाईल.' कुणी तरी, 'कप्तान पगार कुणाकडे पाठवतो ते लिहिलेलं नाही.' एकीने, 'तिची सासू नाही म्हणून तिला एवढा विचार करायला वेळ मिळतो.' तुम्ही वाचताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. मी नुसता दात विचकून उभा होतो. मी प्रेमकथा लिहिली होती, अवकाशातली, आणि ही माणसं तिच्यात आपापला भात शिजवत होती.

मग वही वैनींकडे गेली. तुम्ही त्यांना 'वाडीवरची सून' म्हणायचात. आमच्या भावकीतल्या, सातवी शिकलेल्या, नवरा मुंबईला. शिमग्याला येऊन गेला की थेट गणपतीला दिसायचा. बाजाराच्या दिवशी डोंगर उतरून यायच्या तेव्हा तुमच्याकडून पुस्तक न्यायच्या. त्या दिवशी सकाळी त्या आल्या तेव्हा तुम्ही वर्गात होतात आणि मी तुमच्या टेबलाशी अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसलो होतो. त्यांनी वही ठेवली, म्हणाल्या, "बाईंना सांगा, लिवलंय मी," आणि गेल्या. मी लगेच मागचं पान उघडलं. निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात होतं: 'निरोप जायाला चार म्हयने नि जवाब यायाला चार. आठ होतात. हितं चारच धरलेत. लिवनारा कदी कुनाची वाट बघितलेला दिसत नाय.'

बाई, ते बरोबर होतं. सातव्या प्रकरणात ती विचारते आणि चार महिन्यांनी तिला उत्तर मिळतं. एवढा मोठा गुणाकार तीनदा तपासणाऱ्या माझ्या डोक्यात परतीची वाट आलीच नव्हती. ज्यांचा निरोप कुणाच्या तरी हाती मुंबईला जातो आणि कुणाच्या तरी हाती परत येतो, त्यांनाच ती चूक दिसणार. पण चुकीपेक्षा शेवटचं वाक्य झोंबलं. माझ्या हातात वायर सोलायचं अर्धं ब्लेड होतं. मी त्या ओळी खरवडल्या. शाई खोल गेली होती, कागद पातळ होत होत शेवटी त्याला नखाएवढं भोक पडलं. तेवढ्यात घंटा झाली. मी वही 'थोडं सुधारायचं आहे' म्हणून घरी नेली, सातवं प्रकरण नव्याने लिहिलं, चाराचे आठ केले आणि नवी पानं जुन्यांवर चिकटवून आणून दिली. तुम्ही वाचून म्हणालात, "हे तुझ्या लक्षात आलं? शाब्बास. वाट पाहणं आता खरं वाटतं." आणि तुमच्या पर्समधलं फाउंटन पेन काढून मला दिलंत. मी घेतलं.

पुढच्या बाजाराला वैनी आल्या. तुम्ही वही उघडून ते भोक त्यांच्यासमोर धरलंत. आवाज चढवला नाहीत, तुम्ही कधीच चढवत नसायचात. "वही बांधायला याला चार दिवस लागले. पान खराब करायला किती लागले?"

"मी नाय केलं, बाई."

"मग कुणी? तुमच्यानंतर ती याच्याशिवाय कुणाकडे गेलेलीच नाही. लिहिलेलं आवडलं नाही तर दुसरी ओळ लिहायची. खरवडायचं कशाला?"

वैनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीत घातली. कथिलाचा डाग दिलेल्या तारेलाच पुन्हा डाग देत राहिलो. "ऱ्हावद्या मग," त्या म्हणाल्या, पिशवीतून दुसरं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं आणि गेल्या. पुन्हा कपाटाकडे आल्या नाहीत. दिवाळीनंतर एकदा तुम्ही मला विचारलंत, "वाडीवरची सून हल्ली येत नाही रे? मी फार बोलले का?" मी म्हणालो, "कामं असतील, बाई." हेच ते. ती ओळ त्यांनी लिहिली होती, खरवडली मी, आणि पेनही मलाच मिळालं. मागच्या पानांवर लोक 'पुढचा भाग कधी' म्हणून लिहीत राहिले. मी एक अक्षर पुढे लिहिलं नाही.

आता माझं दुकान महाडला आहे. यंदा भाचीने वहीच्या काही पानांचे फोटो तिच्या फोनवरून कुठे कुठे टाकले. अनोळखी माणसं बदाम पाठवतात, रडणारे चेहरे पाठवतात, ती दोघं भेटतात का विचारतात. आठ महिन्यांचा हिशेब कुणी करत नाही. मग मुंबईहून पुस्तकं काढणाऱ्या कंपनीतली एक मुलगी आली. मिक्सर आणि पंख्यांच्या मधोमध स्टुलावर बसून तिने वही अथपासून इतिपर्यंत वाचली, चहा गार झाला तरी उठली नाही. म्हणाली, "काका, आम्हाला यातलं छापायचंय. मागे लिहिणारे जे कुणी सापडतील त्यांना विचारून ठेवा."

म्हणून मी वाडीवर गेलो. वैनी अंगणात नाचणी पाखडत होत्या. दादा, म्हणजे वैनींचे यजमान, मुंबई सोडून गावी आले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, ते पडवीत झोपले होते. मी वही पुढे केली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी सूप थांबवलं नाही.

"म्हायती हाय मला."

"कसं?"

"भावजी, मी वही ठेवली तवा तुमच्या हातात बिलेड व्हतं. नि दुसऱ्या बाजाराला बोटाला निळी शाई."

"मग बाईंना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं आसतं तर तुमची वही बंद झाली आसती. म्हटलं, पुढचं लिवतील." सूप खाली ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तर तुम्ही लिवलंच नाय. ती बया तितंच बसली हाय का अजून?"

मी म्हणालो, ती ओळ परत लिहा. त्या म्हणाल्या, चष्मा आत आहे, तुम्हीच लिहा, मी सांगते. भोकाच्या खाली दोन बोटं जागा होती. मी जोत्यावर बसलो आणि त्या सांगत गेल्या तसं लिहीत गेलो. 'वाट बघितलेला दिसत नाही' असं लिहायला लागलो तर त्यांनी वाकून पाहिलं. "नाही नाय. नाय लिवा. जसं व्हतं तसं. सुधारू नका." मी लिहिलं. छापायचं विचारलं तर म्हणाल्या, "छापा की. नाव नका टाकू म्हंजे झालं."

त्यांनी तुमच्याबद्दलही विचारलं, बाई. तुम्ही गेलात हे त्यांना माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, "मानूस बरं व्हतं. आयकून घ्यायला हवं व्हतं त्यांनी." हे तुम्हाला जसंच्या तसं कळवतो.

हे पत्र कुठेही जाणार नाही, म्हणून आणखी एक सांगून ठेवतो. कंपनीला मी नंतर फोनवर नकार दिला. भाचीला सांगितलं, दुकानात येणाऱ्यांनाही सांगतो, की लोकांनी विश्वासाने लिहिलेल्या ओळी मी बाजारात मांडणार नाही. लोक मान डोलावतात. पण वैनींनी तर हो म्हटलं होतं, आणि आणखी जे तिघे सापडले त्यांनीही. खरं हे, की त्या मुलीने फोनवर फार गोड आवाजात सांगितलं, काका, गोष्ट त्या काळच्या मानाने बरी आहे, पण ती आम्ही घेणार नाही, आम्हाला फक्त मागची सोळा पानं हवी आहेत. त्या सोळा पानांचे ते मला चाळीस हजार रुपये देत होते. मी नको म्हणालो.