‘नेहमी’ म्हणणारी बाई

१२ जानेवारी १९९६, जळगाव

सरांनी प्रबंधाचं प्रकरण परत पाठवलं. समासात लाल शाई — ‘ही केस वगळा.’

केस म्हणजे पारोळ्याच्या यशोदाबाई. एकाएकी छाती धडधडते, श्वास कोंडतो, आता मरते असं वाटतं. भीतीच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत. दिवाळीपासून माझ्या गटात येतात. तिथे दुसरं काही नाही — गप्प बसायचं, श्वासाकडे, अंगाकडे लक्ष ठेवायचं. सुरुवातीला आणि शेवटी माझी सजगतेची प्रश्नावली. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी वाचते, त्या सांगतात — कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी.

बाकी बायकांची सजगता वाढली, भीती उतरली. यशोदाबाईंची सजगता सगळ्यांहून जास्त वाढली. आणि भीती होती तिथेच!

१३ जानेवारी

सरांना फोन केला. म्हणाले, “तुम्हाला बरं वाटावं म्हणून ‘नेहमी, नेहमी’ म्हणत असेल ती. स्वतःबद्दल कोण खरं सांगतं?”

असेलही. पण मग विचारायला नको? न विचारताच खोडायचं?

नाही खोडणार.

१७ जानेवारी

पारोळ्याला जाऊन आले. एसटीत उभ्यानेच.

यशोदाबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. या खेपेला प्रश्नावली पिशवीतून काढलीच नाही. म्हटलं, “अंगात काय होतं ते कळतं का, यावर तुम्ही ‘नेहमी’ म्हणालात. काय कळतं, ते तुमच्या शब्दांत सांगा.”

त्यांनी हातातली शेंग बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “ताई, पह्यले माले वाटे, भ्याव वाटस म्हणीसन धडधड व्हस. आते ध्यान दिधं. तसं नई शे. पह्यले धडधड व्हस, मंग भ्याव वाटस.”

“म्हणजे भीती नंतर, धडधड आधी. कधी होते ती?”

त्यांनी माडीच्या जिन्याकडे बोट केलं.

मी त्यांच्याबरोबर चढले. अर्ध्यातच कठडा धरून थांबल्या. ओठ निळसर. चेहऱ्यावर भीती नाही — नुसती धाप! आणि आम्ही सगळे मनाचं, मनाचं करत बसलो होतो.

१८ जानेवारी

सर चिडले. “तुम्ही मानसशास्त्राच्या विद्यार्थिनी आहात, हृदयाच्या डॉक्टर नाही.”

म्हणूनच डॉक्टरकडे नेते म्हटलं. फोन ठेवला आणि धुळ्याच्या हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

२२ जानेवारी, पारोळा

नवरा, वनाभाऊ, तयार नाही. “डोकानं दुखनं शे, डॉक्टरनीच सांगं. आते आखो कोठे फिराडतस?”

वाईट माणूस नाही. बायकोला दवाखान्यांत फिरवून थकलाय. त्याला म्हटलं, “भाऊ, एकदाच. काही निघालं नाही तर मी पुन्हा तुमच्या दारात येणार नाही.”

यशोदाबाई आत गेल्या आणि लुगडं बदलून आल्या. “चाला,” म्हणाल्या. त्याच्याकडे न बघता.

मग तोही उठला.

त्याच दिवशी, संध्याकाळी, धुळे

डॉक्टरांनी छातीला नळी लावली. मग डाव्या कुशीवर वळवून पुन्हा लावली. बराच वेळ ऐकत राहिले. “लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?” — यशोदाबाई म्हणाल्या, हो! वनाभाऊंना माहीतच नव्हतं. नाशिकला तपासणीसाठी चिठ्ठी दिली.

माझं चुकलं असेल तर बरं, असंही वाटतंय. चुकलं नसेल तर?

२९ जानेवारी

प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. यशोदाबाई आहेत तिथेच राहतील. सरांनी सही नाही केली तर नाही केली.

२ फेब्रुवारी

नाशिकहून परतताना दोघं थेट माझ्या दाराशी. लहानपणीच्या त्या तापाने हृदयाची झडप अरुंद झाली आहे. नसेतून फुगा घालून ती उघडता येईल, मुंबईला जावं लागेल. वनाभाऊ चपला न काढता उंबऱ्यातच बसले, तोंड झाकून. यशोदाबाईंनी मला एवढंच विचारलं —

“म्हंजे मन्हं खरं व्हतं ना, ताई?”