सिमेंटचा संगमरवर

नेवासे,
माघ वद्य एकादशी, शके १८६२

प्रिय मित्र सूर्यभान यास नेवाशाहून गहिनीनाथाचा रामराम.

धप्, धप्, धप्. आठवतो का रे हा आवाज? पुणतांब्याच्या शाळेत कविता म्हणताना आपण सगळी पोरे मांडी घालून डोलत असू आणि तळहाताने सारवलेल्या जमिनीवर ठेका धरीत असू, तो हा. गुरुजी डोळे मिटून घेत, चिंचेवरची पाखरेसुद्धा गप्प होत (निदान मला तसे वाटे, तू त्या वेळी माझ्या टोपीत चिंचोके भरत असायचास), आणि त्या शेणामातीतून असा मऊ, भरदार आवाज निघे की कविता आपल्या तोंडातून न येता जमिनीतूनच येत आहे असे वाटावे. काल दुपारी घरात कोणी नाही असे पाहून मी तोच ठेका आमच्या बैठकीच्या नव्या भिंतीवर धरून पाहिला. चट्, चट् असा आवाज आला, कोणी थोबाडीत द्यावी तसा. त्या भिंतीने मला खरोखरच थोबाडीत दिली आहे आणि तीच हकीकत तुला कळवायला बसलो आहे.

पण आधी तुझी खुशाली. गुडघा कसा आहे? निर्गुडीच्या पाल्याने शेकतोस, की शेकायचे आहे असे वहिनींना नुसते सांगत असतोस? वहिनींना नमस्कार सांग. तुझ्या धाकट्या बैलाचा खांदा आला होता तो बरा झाला असेल. इकडे मी, आमचे कुटुंब आक्काबाई आणि नात पुष्पा असे तिघेही प्रकृतीने ठीक आहोत. बोलण्याचे काम मात्र सध्या एकटी आक्काबाईच करते, आणि ते सगळे माझ्याविषयी असते.

तुला ठाऊकच आहे की पुष्पा लहानपणापासून आमच्याकडे वाढली. यंदा तिचे लग्न करायचे असे आक्काबाईने मनावर घेतले आणि दिवाळीनंतर पाहुणे येऊ लागले. आता आमच्या बैठकीची भिंत तू पाहिली आहेस. तिला लोणा लागतो. कितीही चुना द्या, महिन्याभरात पोपडे धरून खाली येतो. कर्जतकडची मंडळी मुलगी पाहायला आली, भिंतीला टेकून ऐसपैस बसली, खाणेपिणे झाले आणि उठली तेव्हा सगळ्यांच्या पाठी गिरणीतून आल्यासारख्या पांढऱ्या. मुलाच्या मामाचा कोट काळा होता आणि नवा होता. आक्काबाईने झटकायला म्हणून फडके आणले ते ओले निघाले. त्या स्थळाचे पुढे काहीच कळले नाही. तेव्हा असे ठरले की भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत लाद्या लावून टाकाव्या. खरा संगमरवर आपल्यासारख्या पेन्शनराने लावायचा नसतो (कालव्याच्या कचेरीत मी जन्मभर पाणी मोजले, ते सगळे लोकांच्या उसाला गेले). पण सिमेंटात संगमरवराची भुकटी आणि रंग घोळून थेट दगडासारख्या दिसणाऱ्या लाद्या नगरला करतात असे ऐकले होते. आम्ही दोघे सर्व्हिस मोटारीने नगरला गेलो.

दुकान कादरभाई म्हणून एका भल्या माणसाचे. त्याने नमुने मांडले: काळसर, हिरवट, गुलाबी, आणि एक तपकिरी ठिपक्यांची, मटकीची उसळ सांडल्यासारखी. आक्काबाईने मडके घेताना पाहतात तसे पाहायला सुरुवात केली. प्रत्येक लादी बोटाच्या पेराने वाजवली, कान लावला, मग पदराची गाठ सोडून हळद काढली (ती घरूनच बांधून आणली होती, मला पत्ता नाही), पाण्यात कालवून लादीवर चोळली, पुसली आणि डाग राहतो का ते उन्हात धरून पाहिले. कादरभाई हा प्रकार हात जोडून पाहत होता. शेवटी ती तपकिरी ठिपक्यांवर हात ठेवून म्हणाली की हीच घ्या, हिच्यावर काही सांडले तरी कळायचे नाही. सूर्यभान, आज तुला सांगतो, तिचे ऐकायला हवे होते. पण भिंतीवर कोण काय सांडणार, असा वाद मी घातला आणि कादरभाईला विचारले की पांढऱ्यात काही आहे का. तो म्हणाला, कसला पांढरा?

झाले. असा प्रश्न मला इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी त्याला सांगू लागलो की पहाटे धार काढल्यावर चरवीतल्या दुधावर जी निळसर झाक असते ती हवी. आणि तिच्यात करड्या रेघा, प्रवरेच्या संथ पाण्यावर वाऱ्याने ओढाव्या तशा, एकमेकींकडे निघालेल्या पण वाटेतच विरून गेलेल्या. कादरभाईने डोळे मिटले. तोही मराठी शाळेत शिकलेला, आणि आपल्याच वेळची पुस्तके! त्याने नदीची कविता धरली, मी पुढची ओळ दिली, त्याने तिच्या पुढची. एक गिऱ्हाईक शहाबादी फरशीचा भाव विचारीत उभे होते ते कंटाळून निघून गेले. आक्काबाई सिमेंटच्या पोत्यावर बसून राहिली. अखेर कादरभाई म्हणाला की काका, असा माल तयार नाही, पण तुमच्यासाठी मी स्वतः हाताने घोळतो. आम्हा दोघांना इतके भरून आले होते की भिंतीचे माप देण्याची कोणालाच आठवण राहिली नाही. आक्काबाईने भिंतीच्या लांबीची सुतळी गाठी मारून आणली होती. मोटार सुटता सुटता तिने ती खिडकीतून त्याच्या अंगावर फेकली.

आणि त्या भल्या माणसाने घोळले रे! लाद्या आल्या, गवंड्याने बसवल्या, भिंत पुसून घेतली आणि मी उंबऱ्यातच उभा राहिलो. तीच निळसर झाक. त्याच विरून गेलेल्या रेघा. एक लादी बसवताना गवंड्याच्या हातून पडून फुटली, तेव्हा आत राखेच्या रंगाचे सिमेंट दिसले. ते दिसले नसते तर मीच खरा दगड समजून हात जोडले असते. आळीतली माणसे पाहायला येऊ लागली, येताना पाय धुऊन येऊ लागली. एक म्हातारी तर भिंतीपुढे चिमूटभर साखर ठेवून गेली. मी साधा माणूस असतो आणि ‘पांढरी द्या’ एवढेच म्हणालो असतो, तर चारचौघांसारखी पांढरी लादी आली असती आणि पुढचे काही घडले नसते.

पुढचे म्हणजे तुमच्या पुणतांब्याचे भीमाजी, तुझ्या बांधाला बांध लागून ज्यांचे शेत आहे ते. भीमाजी, त्यांच्या घरच्या रतनबाई आणि मुलगा गोरक्षनाथ असे पुष्पाला पाहायला आले. दारातूनच त्यांची नजर भिंतीवर गेली. भीमाजी जाजमाच्या मधोमध काठी गिळल्यासारखे ताठ बसले, मी कितीदा टेका म्हटले तरी टेकेनात. रतनबाईंनी एका बोटाने भिंतीला हात लावला आणि तापल्या तव्याला लागल्यासारखा मागे घेतला. एकटा गोरक्षनाथ खुशाल भिंतीला टेकला. आईने त्याची बाही ओढली, तो पुन्हा टेकला. पुष्पा पानाचे तबक घेऊन आली होती, ती हे बघून हसली, आणि तिला हसताना पाहून तोही हसला. मुलीला काय विचारायचे ते विचार, असे वडील म्हणाले तेव्हा त्याने विचारले, की भिंत हिवाळ्यात गार लागते का. पुष्पा म्हणाली, फार. एवढेच त्यांचे बोलणे. पण त्या दिवसापासून ती भाकरी थापताना गुणगुणते हे आक्काबाईच्या ध्यानात आले, आणि आक्काबाईच्या ध्यानात आले ते सर्वांच्या येतेच.

त्याच बैठकीत भीमाजींनी मला विचारले की हा दगड कुठला. मी ‘सिमेंट’ म्हणण्यासाठी तोंड उघडले होते, देवाशपथ. पण समोर ती भिंत, तिच्यावर तिसऱ्या प्रहराचे ऊन, आणि आपली ती नदीकाठच्या पांढऱ्या महालाची कविता ओठांवर येऊन उभी राहिली. मी ती म्हटली. सबंध म्हटली. भीमाजींनी हात जोडून ऐकली आणि त्या महालाच्या गावाहून हा दगड आला असे ते समजले.

पुढच्या बाजाराला त्यांचा निरोप आला. आणणाऱ्याने तो त्यांच्याच शब्दांत सांगितला: “मुलगी सोन्यासारखी हाय, पर घर लई मोठं. आमचं समदं शेनामातीचं. असल्या दगडात वाढलेली लेक आमच्याकडं सारवायला बसवायची, आमच्या जिवाला बरं वाटायचं न्हाई.” आता बोल! ती एक भिंत सोडली तर आमच्या घरात सारे शेणामातीचेच आहे आणि ते रोज पहाटे पुष्पाच सारवते. आक्काबाई म्हणते, “एक स्थळ पोपड्यानं घालवलं, दुसरं तुमच्या कवितेनं.” तिचे बोलणे मी ऐकून घेतो, त्याची सवय आहे. पण परवा पुष्पा जवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “आजोबा, त्या लाद्या काढता येतात का हो?” मी म्हणालो, गवंडी सांगतो की लाद्यांबरोबर भिंतही येईल. ती “बरं” म्हणाली आणि पाणी आणायला गेली. त्या ‘बरं’पुढे मला कुठलीच कविता आठवली नाही.

असो. गुडघ्याला जप. वहिनींना पुन्हा नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा बालमित्र
गहिनीनाथ

ता. क. एवढे लांबण लावले ते खरे तर या दोन ओळींसाठी. फुटलेल्या लादीचा एक तुकडा फडक्यात बांधून या पत्राबरोबर देत आहे. तो भीमाजींना दाखव. वरून संगमरवर आहे, आत राख आहे, हे त्यांच्या डोळ्यांना दिसू दे. मी स्वतः सांगायला गेलो तर त्यांना वाटेल की म्हातारा आता लग्नासाठी आपल्या घराला कमीपणा आणतो आहे. तुझ्यावर गावाचा विश्वास आहे.

ता. क. दुसरा. आक्काबाई चुलीपुढून सांगते आहे की भावजींना लिहा, दोनच शब्दांत सांगायचे आणि उठून यायचे. कविता म्हणायची नाही. (तुला एकही कधी पाठ झाली नाही, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, म्हणूनच त्यांना सांगते आहे.)

ता. क. तिसरा. दार वाजले म्हणून उठलो होतो, आता उभ्यानेच लिहितो आहे. रतनबाई आल्या आहेत. एकट्या! घरी नेवाशाच्या देवळातल्या खांबाच्या दर्शनाला जाते म्हणून सांगून निघाल्या म्हणे. मी घाईघाईने सगळे खरे सांगायला लागलो, सिमेंट, भुकटी, रंग, तुकडासुद्धा पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा करून पाहिला, आणि पदराखाली ठेवून दिला. म्हणाल्या, “मालकांना लाज वाटली, मला न्हाई वाटली. तुमी त्या फरशीवाल्याचा पत्ता तेवढा द्या. चुलीमागं अशीच एक लावून घेते, म्हंजी पोरीला हितल्यागत वाटंल.”