मोर्चा तुझा, मोर्चा माझा

निमेशदादा,

बंदर नको म्हणून तू मोर्चा काढलास, तेव्हा मी कंपनीत खाडा करून तुझ्याबरोबर रस्त्यावर बसले. घोषणा देऊन माझा घसा बसला, तर तू म्हणालास, "बोलायचं, भाविका. आपलं म्हननं मांडायचा आपला हक्क हाय."

म्हणूनच घरात सगळ्यात आधी तुला सांगितलं, की माझं सपना नावाच्या मुलीवर प्रेम आहे आणि आमच्यासारखी माणसं पालघरला प्राइड मार्च काढणार आहेत. तू उठून बाहेर गेलास. मला वाटलं, विचार करतोयस.

काल परवानगीसाठी पोलीस ठाण्यात गेले, तर तू आधीच साहेबांसमोर बसलेला. "यांना परवानगी देऊ नका, साहेब. गावाची बदनामी होते."

परवानगी मिळाली नाही. आम्ही पुन्हा अर्ज करू. पण साहेबांनी विचारलं, "ही तुमची कोण?" तेव्हा तू माझ्याकडे बघून म्हणालास, "कोन नाय. गावातली हाय."

संध्याकाळी घरी येऊन तू नेहमीसारखं विचारलंस, "जेवलीस का गो?" आईसमोर मी हो म्हणाले.

हे पत्र तुला देणार नाही. तुला काही सांगायची आता भीती वाटते.

भाविका