अण्णांचे दात

सोमवार, ३
आले एकदाची! खोली लहान, पण माझी एकटीची; खिडकीखाली पलंग, कोपऱ्यात बेसिन. ब्युरोने दिलेलं काम अण्णांना सांभाळायचं. अण्णा म्हणजे घरमालकीण वहिनींचे सासरे. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली, पण दात सगळे शाबूत. दात आहेत तर चणे नाहीत. सगळं पातळ करून भरवायचं. वहिनी म्हणाल्या, "तोंडाजवळ जपून गं." मला हसूच आलं. एवढी वर्षं या कामात काय झोपा काढल्या मी?

गुरुवार, ६
आज अण्णांचे दात घासले. हिरड्या सुजलेल्या, मुळाशी पू, श्वासाला कुजका वास. दातांच्या डॉक्टरांना दाखवू या म्हटलं, तर वहिनी फणकारल्या, की आधीच्या बायकांना कधी असली थेरं सुचली नाहीत.

शनिवार, ८
चमचा काढताना अण्णा कचकन चावले! मधलं बोट, नेमकं सांध्यावर. सोडेचनात. वहिनींनी नाक दाबलं तेव्हा कुठे जबडा सुटला. जखम इवलीशी. साबणाने धुतली. अण्णा ओठ चाटत माझ्याकडे बघत होते.

रविवार, ९
बोट टम्म सुजलंय, वाकत नाही, सरळ होत नाही. ठणका थेट हाडात. दवाखान्यात जाते म्हटलं. वहिनी म्हणाल्या, माणूस चावल्याने कुणी मरत नाही. आणि ब्युरोला कळलं तर ते पुन्हा बाई पाठवतील का? वेदनाशामक गोळी दिली. माझा फोन घेऊन गेल्या.

मंगळवार
ताप. डाव्या हाताने लिहितेय. पट्टी सोडली — पू — आणि तोच वास. अण्णांच्या तोंडाचा. आता माझ्या हातातून येतोय. कितीही धुतला तरी —

बुधवार
बोटापासून निघालेली लाल रेघ कोपराच्या वर गेलीय. काखेत गाठ. दाराला बाहेरून कडी. वहिनी फोनवर ब्युरोला सांगत होत्या, तुमची बाई न सांगता पळाली, दुसरी पाठवा. मी इथेच आहे. इथेच —

गुरुवार
थंडी. हात माझा वाटत नाही. खिडकीला गज. हाक मारली — खाली कुणी नाही —

बहुतेक शुक्रवार
पुरुषाचा आवाज. डॉक्टर! अण्णांना तपासायला आलेत. ओरडायला गेले, आवाज फुटेना. दार बडवलं. पावलं थांबली. दाराशीच.
त्यांनी विचारलं, आत कोण आहे.
वहिनी म्हणाल्या, "कुत्रं ठेवलंय. चावरं आहे हो."
डॉक्टर हसले. पावलं जिन्याकडे वळ—