कमळची सही

निमगाव सावा, मंगळवार, ऑगस्ट १९९८

आज शाळेत तांदूळ वाटताना पहिलीतल्या सारिकाची आई आली आणि मी न विचारताच शाईचं पॅड तिच्यापुढे सरकवलं. तेच डाचतंय.

"अंगठा नगं बाई, पेन द्या," ती म्हणाली.

गेल्या आठवड्यात वर्गात नळ, फळ, मळ असे शब्द घेतले होते. सारिकाने घरी आईकडून तेच गिरवून घेतलं, मग 'मळ'च्या आधी 'क' लावून दिला.

"माझं नाव त्यातच निघालं, बाई."

आणि मी पॅड सरकवलं. विचारायला काय झालं होतं?

तिने सावकाश लिहिलं, कमळ. रजिस्टरात 'कमल' आहे. चूक सुधारायला मी लाल पेन उचललं होतं. तिच्या कपाळावरचा घाम दिसला आणि ते तसंच खाली ठेवलं.